मॅडमची लेबलं

खोली बघायला गेले तेव्हा मॅडमनी भाडं सांगितलं नाही. गाव कुठलं, लग्न झालंय का, मटण-मच्छी चालते का, यातलं काही विचारलं नाही. दार उघडून मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि म्हणाल्या, "हात दाखवा."

मला वाटलं, बाई हात बघतात. मी हौसेनं डावा हात पुढे केला. बदलीच्या कंटाळ्यात कुणी भविष्य सांगणार असेल तर कुणाला नको असतं? मॅडमनी माझ्या तळव्यावरून एक बोट फिरवलं, ते बोट उजेडात धरून बघितलं आणि निदान केलं, "घाम येते तुमाले."

"उन्हातून चालत आले ना!"

"उन्हाचा घाम कपाळाले येते. तळव्याले ज्याच्या त्याच्या स्वभावानं येते." मग जरा विचार करून म्हणाल्या, "वरची खोली घ्या. पण खालच्या हॉलमंधी मले विचारल्याबिगर कायलेच हात नका लावू."

अशी मी गोरेगावात राहायला आले. बदलीचं गाव कळल्यावर साताऱ्याच्या माझ्या नातेवाइकांनी मुंबई मिळाली म्हणून पेढे मागितले होते. त्यांना सांगता सांगता माझ्या तोंडाला फेस आला की हे गोरेगाव गोंदिया जिल्ह्यातलं आहे, चारी बाजूंनी धानाच्या बांध्या, म्हणजे भातखाचरं, आहेत आणि आमच्या बँकेच्या दारात सकाळी माणसांआधी बकऱ्या येऊन बसतात. मॅडम तिथल्याच शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालेल्या. निम्मं गाव त्यांचं विद्यार्थी होतं आणि उरलेलं निम्मं त्या विद्यार्थ्यांचे आईबाप. त्यामुळे त्यांचं नाव कुणी घेतच नसे. 'मॅडम' म्हटलं की त्याच.

खालच्या हॉलमध्ये काय आहे, ते मला पहिल्याच आठवड्यात कळलं. मी मनात सोनंनाणं, गेला बाजार गावठी मधाच्या बाटल्या, एवढी तयारी ठेवली होती. मॅडमनी लोखंडी कपाट उघडलं. आत पांढऱ्या सुती कापडावर, एकीला दुसरीचा धक्का लागणार नाही अशा बेतानं, व्हिडिओ गेमच्या जुन्या कॅसेटी झोपवलेल्या होत्या. आपल्या लहानपणी टीव्हीला डबा जोडून त्यात खुपसायच्या, चालली नाही की फुंकर मारायची आणि पुन्हा खुपसायची, त्या पिवळ्या प्लॅस्टिकच्या कॅसेटी. मॅडमच्या हातात पांढरे हातमोजे होते. लग्नाच्या वरातीत बँडवाले घालतात, तसले. तसले म्हणजे तेच. गावातल्या बँड पार्टीकडून त्यांनी मागून आणले होते.

"कॅसेटीचं काई नाई," त्या म्हणाल्या. "प्लॅस्टिक हाये. आपन मरू, तिले काई होत नाई. मरते ते लेबल."

लेबल का मरतं, हा मॅडमचा आवडता विषय. बोलायला लागल्या की थांबत नसत. स्वयंपाक करता करता, धुणं वाळत घालता घालता, एसटीची वाट बघता बघता त्यांनी मला तो शिकवला. लाल रंग उन्हाला सगळ्यात आधी शरण जातो, मग पिवळा. निळा शेवटपर्यंत तग धरतो. म्हणून खिडकीशी राहिलेल्या विमानाच्या कॅसेटीचं लेबल पार निळं झालेलं. हे सांगताना त्या मिस्कील हसायच्या. "आमचा निळा काई जात नाई, पायजो." मॅडमच्या वडिलांच्या पिढीनं धम्म स्वीकारलेला. जयंतीच्या मिरवणुकीत निळी साडी नेसून त्या सगळ्यात पुढे असत, तेव्हा हा विनोद करायचा हक्क त्यांनाच.

गोंदाबद्दल त्यांचं मत वाईट होतं. मे महिन्यात आमच्या छतावर पापड भाजून निघतील असं ऊन असतं. त्या उष्णतेनं लेबलाखालचा गोंद वाळून कुरकुरीत होतो. मग पावसाळा येतो. "कागद पानी पिते, प्लॅस्टिक पीत नाई. एका घरात एक पिनारा आन एक न पिनारा, संसार कसा टिकन?" कागद फुगतो, प्लॅस्टिक आहे तेवढंच राहतं आणि कोपरा उचलला जातो. उचललेला कोपरा दिसला की माणसाच्या जातीला तो सोलल्याशिवाय चैन पडत नाही. शिवाय घामात मीठ असतं, बोटांना तेल असतं आणि पोरं ज्या जागी अंगठा दाबून फुंकर मारतात, त्या जागेची शाई सगळ्यात आधी पुसली जाते. मला पहिल्या दिवशी हात का दाखवायला लावला, ते तेव्हा उमगलं.

हे वेड घरापुरतं असतं तर गोष्ट वेगळी. बाजारच्या दिवशी मॅडम सफरचंदं घ्यायच्या नाहीत, पण त्यांवरचा स्टिकर नखानं उचलून बघायच्या आणि "पाण्यातला गोंद हाये," असा शेरा मारून पुढे जायच्या. फळवाला बिचारा बघत राहायचा. एकदा गोंदियाच्या एसटीत आम्ही महिलांसाठी राखीव असलेल्या बाकावर बसलो होतो. मॅडमचं सगळं लक्ष त्या बाकावरच्या पट्टीच्या कोपऱ्याकडे. कंडक्टर तिकीट फाडायला आला आणि थबकला.

"मॅडम, ते काऊन काढून राहिल्या? सरकारी मालमत्ता हाये ना."

"काढून नाई राहिली, पाहून राहिली. तू नववीत गोंदाचा प्रयोग बुडवला होतास, तुले काय समजन?"

कंडक्टरनं कान पकडला आणि पुढच्या बाकाकडे वळला. सगळी एसटी हसली. मॅडम तेवढ्या हसल्या नाहीत.

मी एकदा त्यांना डिवचलं. विहारातून आल्या होत्या, सगळं अनित्य आहे यावर तिथे प्रवचन झालं होतं, आणि आल्या आल्या कपाट उघडून बसल्या. म्हटलं, "मॅडम, सगळं अनित्य म्हणता आणि लेबलं कसली सांभाळता?"

त्यांनी हातमोजा चढवत माझ्याकडे बघितलं. "अनित्य हाये म्हनून तं सांभाळा लागते. नित्य असतं तं कोन सांभाळलं असतं व?"

मी चहा ठेवायला उठले.

पण नुसती वेडाची हौस असती, तर मी हे लिहायला बसले नसते. मॅडमचं लेबलांशी जे होतं ते त्यांच्या दादामुळे होतं.

दादा म्हणजे त्यांचे थोरले भाऊ. गोंदियाच्या बाजारात एका बोळात त्यांचं व्हिडिओ गेमचं दुकान होतं. पोरं शाळा बुडवून तिथे येत आणि शनिवारी दुपारी मॅडम दुकानात आल्या की मागच्या दारानं पळून जात. पुढे मोबाइल आले, दुकान बंद पडलं, वहिनी वारल्या, मुलगा नोकरीला पुण्याला गेला. मग दादांना अर्धांगाचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचा गेली आणि अक्षरओळखही गेली. मॅडम त्यांना गोरेगावला घेऊन आल्या. दादांबरोबर तांदळाच्या पोत्यात घालून या कॅसेटी आल्या.

मी राहायला आले तेव्हा दादा हॉलमध्ये खिडकीपासून लांब खुर्चीत बसलेले असायचे. उंच माणूस, कपाळ मोठं, डोळे मात्र हरवलेले. काय खायचं ते मॅडम ठरवत, केव्हा झोपायचं ते मॅडम, दाढी केव्हा करायची तेही मॅडम. विचारलं तरी उत्तर येत नसे. चहा देऊ की दूध? डोळे तसेच. पंखा लावू? तसेच. डॉक्टरांनी सांगितलं होतं, विचारणं सोडू नका. मॅडमनी सोडलं नव्हतं, पण भिंतीशी बोलल्यासारखंच ते होतं.

एक गोष्ट सोडून. संध्याकाळी मॅडम एका परातीत कॅसेटी मांडत आणि परात दादांच्या पुढ्यात ठेवत. दादांचा डावा हात उठायचा. परातीवरून हिंडायचा. एकीवर थांबायचा, पुढे जायचा, पुन्हा मागे यायचा. आणि मग नेमकी एक उचलायचा. मॅडम ती डब्यात घालत, जुन्या फुगीर टीव्हीवर चित्र यायचं आणि स्वतः खेळायला बसत. मॅडमना खेळता मुळीच येत नसे. त्यांचा रणगाडा पहिल्याच वळणावर फुटायचा. दादांच्या ओठांच्या डाव्या कोपऱ्यात तेव्हा काहीतरी हलायचं. हसूच असावं ते.

"दिवसभरात येवढी एकच गोष्ट तो स्वतः ठरवते," मॅडम मला म्हणाल्या. "बाकी सगळा दिवस मी जगून राहिली त्याच्या वतीनं. हे येवढं त्याचं."

आणि ते ओळखायचे ते लेबलावरून. वाचून नव्हे, वाचता येत नव्हतंच. सगळ्या कॅसेटी एका आकाराच्या, एका रंगाच्या. पण रणगाड्याच्या कॅसेटीचा खालचा कोपरा अंगठ्यांनी पांढरा पडलेला. मोटारसायकलीची कॅसेट वर्षानुवर्षं तापलेल्या टीव्हीवर पडून राहिल्यानं तिच्या लेबलाला फोड आलेले. बदकांच्या कॅसेटीवर दुकानातल्या चहाच्या पेल्याचं वर्तुळ. विमानाचं लेबल निळं. दुकानात ज्या जखमा झाल्या त्या दादांच्या डोळ्यांदेखत झाल्या होत्या, आणि डोक्यातलं बाकी सगळं पुसलं गेलं तरी त्या खुणा तेवढ्या शाबूत होत्या. म्हणून मॅडमना लेबल नवं करायचं नव्हतं, स्वच्छही करायचं नव्हतं. जेवढं खराब झालंय तेवढंच खराब राहायला हवं, त्यापुढे तसूभरही नाही, अशी त्यांची हट्टी लढाई होती. जगात लोक खराब वस्तू चांगली करायला धडपडतात. ही बाई खराबी सांभाळत होती. मला त्यांचं हसू यायचं बंद झालं ते हे कळलं त्या दिवसापासून.

मग त्या वर्षीचा पावसाळा आला. बऱ्याच लेबलांचे कोपरे उचलले. बाजारच्या गोंदावर मॅडमचा विश्वास नव्हता, त्यात आम्ल असतं आणि कागद पिवळा पडतो. त्यांनी मार्ग काढला तो अगदी त्या मुलखाचा. धानाच्या प्रदेशात माणूस तापाला पेज पितो, कपड्याला पेजेची खळ करतो, पतंगही भातानं चिकटवतो. मॅडमनी घरचा चिन्नोर काढला. चिन्नोर म्हणजे तिथला वासाचा तांदूळ, पाहुण्यांसाठी राखून ठेवायचा. तो मऊ शिजवला, वाटला, फडक्यातून गाळला. लिटमसचा कागद बुडवून आम्ल नाही याची खात्री केली. मग पक्ष्याच्या पिसानं प्रत्येक कोपऱ्याखाली ती खळ भरली. हॉलभर सणासारखा वास सुटला. मॅडम इतक्या खूश की मला म्हणाल्या, "कागदाले कागदाचंच जेवन द्या लागते."

जेवण दिलं हे खरं. फक्त जेवायला कोण येईल, हे लिटमसला विचारून कळत नाही.

दादांना तपासणीसाठी नागपूरला न्यावं लागलं. डॉक्टरांनी ठेवून घेतलं. मीही तेव्हा साताऱ्याला गेले होते. घर बंद, कपाट बंद, बाहेर पाऊस. आम्ही परतलो, मॅडमनी कपाट उघडलं आणि आतून झुरळांची फौज भिंतीवर पसरली. खळ त्यांनी चाटून खाल्ली होती, आणि खळीबरोबर लेबलंही. पांढरा कोपरा गेला होता. फोड गेले होते. चहाचं वर्तुळ होतं तिथे चाळणी झाली होती.

मॅडम जमिनीवर बसल्या. रडल्या नाहीत. बराच वेळ एक कॅसेट हातात धरून होत्या. हातमोजे घालायलाही विसरल्या होत्या.

"खळीले झुरळं येते हे सातवीत शिकवतो आमी," त्या म्हणाल्या. "मीच शिकवलं. कितीक पोट्ट्यांले. चिन्नोर दिसला आन माह्यातली मास्तरीण गेली. उरली ते धानवाल्याची पोरगी."

मला त्यांना जवळ घ्यावंसं वाटलं. घेतलंही. अंगावर झुरळ चढलं होतं ते झटकून.

भाचा, म्हणजे दादांचा मुलगा, पुण्याहून आला. मनानं फार चांगला. हकिकत कळल्यावर त्यानं कुठून कुठून जुन्या लेबलांची चित्रं शोधली आणि चकचकीत कागदावर छापून आणली. लाल म्हणजे अगदी लालभडक. मॅडमनी उरलेल्या चिंध्या खरवडायला परवानगी दिली. भाच्यानं नवी लेबलं लावली. परात कशी नव्या दुकानासारखी दिसायला लागली.

संध्याकाळी परात दादांपुढे ठेवली. दादांनी बघितलं. हात मांडीवरच राहिला.

"दादा, घे ना. कोनती?" मॅडम म्हणाल्या.

दादांनी परातीकडे बघितलं, मग मॅडमकडे, मग दाराकडे. जणू कुणीतरी येऊन हे सामान परत घेऊन जाणार होतं. मॅडमनी रणगाडा लावला. दादांनी डोळे मिटले. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग संध्याकाळही बाकीच्या दिवसासारखी झाली. चहा की दूध, या प्रश्नासारखी.

भाच्याचा चेहरा बघवत नव्हता. "आत्या, मी बिघडवलं का?"

"तू नाई बिघडवलं, मी बिघडवलं. लेबलं सुंदर हायेत रे. पन ते आपल्यासाठी हायेत. त्याच्यासाठी नाईत."

तो परत गेला. मॅडमनी काही दिवस परात काढलीच नाही. मला वाटलं, आता संपलं. मॅडमना मी तोवर पुरती ओळखत नव्हते, एवढाच याचा अर्थ.

पुढच्या बाजाराच्या दिवशी त्या जाड स्केचपेन आणि कोऱ्या पांढऱ्या चिकटपट्ट्यांचं पाकीट घेऊन आल्या. एका कॅसेटीवरचं चकचकीत लेबल काढलं. कॅसेट डब्यात घातली, टीव्हीवर रणगाडे धावू लागले. मॅडमनी कोरी पट्टी पाटीवर लावली, पाटी दादांच्या मांडीवर ठेवली आणि पेन त्यांच्या डाव्या हातात दिला.

"जुनं गेलं, दादा. ते मी घालवलं. आता तूच लिव्ह."

पेन गळून पडला. मॅडमनी उचलून पुन्हा दिला. पुन्हा पडला. मॅडम पहिलीच्या पोराला शिकवावं तसं बसल्या, पण एकदाही हात धरून गिरवलं नाही. मी न राहवून म्हटलं, जरा हाताला आधार द्या की. तर माझ्यावर डाफरल्या, "मंग ते माहं लेबल होईन. मले माहं नको."

असे कितीतरी दिवस गेले. आणि एका संध्याकाळी दादांनी टीव्हीकडे बघत बघत पट्टीवर काहीतरी ओढलं. भोपळ्याला शेपूट फुटावी तसं. मॅडमनी चांगलं-वाईट काही म्हटलं नाही. पट्टी सोलली आणि कॅसेटीवर लावली. मग मोटारसायकल लावली, दादांनी दोन तिरक्या रेघा ओढल्या. बदकांना नुसता एक ठिपका मिळाला. काही खेळांना काहीच मिळालं नाही. त्या कॅसेटी मॅडमनी तशाच कोऱ्या ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी परात पुढे आली. दादांचा हात मांडीवरून उठला. परातीवर हिंडला, ठिपक्यापाशी थांबला, पुढे गेला, मागे आला आणि भोपळा उचलला.

मॅडमनी कॅसेट लावली. रणगाडे आले. दादांनी मान हलवली. मॅडम "आली," म्हणून स्वयंपाकघरात गेल्या आणि नळाचं पाणी बराच वेळ वाहत राहिलं. बाहेर आल्या तेव्हा चेहरा ओला होता आणि आवाज खणखणीत. "चला. माहा रणगाडा फुटतो का नाई ते पाहू." तो लगेच फुटला.

पुढच्या वर्षी माझी बदली आली. निघायच्या आदल्या संध्याकाळी मी हॉलमध्ये बसले होते. खेळ आटोपला होता, मॅडम परात आवरत होत्या. दादांनी डाव्या हातानं पेन मागितला. मागितला म्हणजे पाटीवर बोटं आपटली.

"आता कोनती?" मॅडम म्हणाल्या. "झाल्या ना सगळ्या."

बोटं पुन्हा आपटली. मॅडमनी कोरी पट्टी लावून पाटी दिली. टीव्ही बंद होता. दादा कुठल्याच चित्राकडे बघत नव्हते, मॅडमकडे बघत होते. त्यांनी फार सावकाश काढलं, कुठल्याही खेळापेक्षा जास्त वेळ घेतला. रेघ वर गेली, खाली आली, स्वतःभोवती फिरली आणि शेवटी कुठेतरी टेकली. मॅडमनी पट्टी सोलून त्यांच्या बोटावर दिली आणि एक कोरी कॅसेट पुढे केली. दादांनी ती कोपरानं बाजूला सारली. मॅडमचा हात ओढला आणि पट्टी त्यांच्या पालथ्या हातावर लावली. वरून अंगठ्यानं दाबून धरली.

मॅडम हलल्या नाहीत. मी जवळ जाऊन वाकून बघितलं. मला तर नुसता गुंता दिसत होता.

"काय लिहिलंय मॅडम?"

"मले काय माहीत," मॅडम म्हणाल्या. हात त्यांनी तसाच ठेवला होता. "मले नाई वाचता येत. त्याले येते."